बिट मोजायचे आहेत : बिल्टिन, स्वतःचा रॅपर की स्टँडर्ड हेडर?

लिनक्सवर जीसीसी या कंपाइलरने बिनतक्रार चालणारा कोड विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या एमएसव्हीसी कंपाइलरने बिल्ड करायला घेतला, की ‘बिल्टिन सीएलझेड’ (संख्येच्या डावीकडची शून्यं मोजणारं, जीसीसीत अंगभूत असलेलं फंक्शन) सापडत नाही म्हणून एरर येते. बहुतेकजण इफडेफ (कंपाइलरनुसार वेगळा कोड निवडणारी सूचना) टाकून तिथे एमएसव्हीसीचं ‘बिटस्कॅनरिव्हर्स’ बसवतात. पण फरक नुसता नावाचा नाही. ३२ बिटांत ४० हा आकडा घ्या. जीसीसी डावीकडची शून्यं मोजून २६ देतं, एमएसव्हीसी सर्वांत वरच्या १ ची जागा (उजवीकडून, शून्यापासून मोजून) सांगतं, म्हणजे ५. २६ हवे असतील तर ती ३१ मधून वजा करायची. इनपुट शून्य असेल तर जीसीसीकडे उत्तराची हमीच नाही. एमएसव्हीसी निदान रिटर्न व्हॅल्यूतून ‘बिट सापडला नाही’ एवढं तरी कळवतं.

एमएसव्हीसीचं ‘एलझेडसीएनटी’ (डावीकडची शून्यं मोजणारी प्रोसेसरची सूचना थेट वापरणारं फंक्शन) त्याहून बेरकी. हॅसवेलच्या (२०१३) आधीच्या इंटेल प्रोसेसरवर ते क्रॅश होत नाही. ती सूचना जुनी बीएसआर (वरच्या १ ची जागा सांगणारी सूचना) म्हणून चालते आणि २६ ऐवजी ५ हातात येतात, निमूटपणे. अशा बगपेक्षा क्रॅश परवडला.

सी++२० वापरता येत असेल तर मी फार विचार करणार नाही: ‘बिट’ हेडर आणि त्यातलं ‘काउंटएल झिरो’. शून्याला ते ३२ देतं, साइन्ड टाइप (ऋण संख्याही घेणारा) दिला तर कंपाइलच होत नाही. वेग जाईल ही भीतीही फोल, कारण जीसीसीत ते आतून बिल्टिनच वापरतं. फार तर शून्याची एक जादा तपासणी होते, तीही एलझेडसीएनटी चालू ठेवून बिल्ड केलं तर उरत नाही.

मात्र शोधा-बदला करून मोकळं होऊ नका. आठ बिटी व्हेरिएबलमध्ये १ असेल, तर बिल्टिन त्याला ३२ बिटी इंट करून ३१ सांगायचं. नवं फंक्शन ७ सांगतं. जुन्या कोडमध्ये कुठेतरी ‘वजा २४’ दडलेलं असतंच!

सी वाल्यांसाठी सी२३ मध्ये ‘स्टडबिट’ हेडर आहे, पण नुसता कंपाइलर नवा असून भागत नाही. जीलिबसीत (लिनक्सवरच्या सी लायब्ररीत) ते २.३९ पासून आलं. सी++१७ वर अडकलेल्यांना गूगलच्या अ‍ॅबसिल लायब्ररीमध्ये हीच फंक्शन्स जवळपास याच नावांनी मिळतात. एवढ्यासाठी आख्खी लायब्ररी नको असेल, तर रॅपर (बिल्टिनभोवती स्वतःचं छोटं फंक्शन) लिहा, पण शून्य आधी स्वतः तपासा आणि ‘एल’वाल्या (लाँग टाइप घेणाऱ्या) बिल्टिनला हात लावू नका: ६४ बिटी लिनक्सवर लाँग ६४ बिटी, विंडोजवर ३२.