राइल्स ट्यूब पोटातच आहे ना? एक्स-रे की सोनोग्राफी

बार्शी-पंढरपूरकडे लहान मुलांचं आयसीयू सुरू करणारे मित्र हल्ली विचारतात, की राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी दूध देण्याची नळी, जागेवर आहे याची खात्री करायला पोर्टेबल एक्स-रेवर भर द्यावा की बेडजवळच्या सोनोग्राफीवर? सोलापुरात आमच्याकडे दोन्ही चालतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

एक्स-रेचा शब्द शेवटचा, यात वाद नाही. नळी मधोमध उतरते, कॅरायनाच्या (श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात त्या जागेच्या) पातळीवरही सरळ खाली जाते, डायफ्रॅमखाली (छाती-पोटामधल्या पडद्याखाली) डावीकडे वळते आणि टोक दिसतं. त्याच फिल्मवर ईटी ट्यूब (श्वासनलिकेतली नळी), सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी), फुप्फुसं, सगळंच कळतं. त्यामुळे मुलाला नुकतंच इंट्युबेट केलं, म्हणजे ईटी ट्यूब घातली असेल, तर राइल्स ट्यूबही लगेच घालावी आणि एकाच फिल्मवर काम भागवावं. तिथे सोनोग्राफीचा हट्ट मी धरत नाही.

अडचण पुढच्या दिवसांत सुरू होते. सक्शन करताना (चिकट स्राव ओढून काढताना) नळी सरकते, मूल जागं झालं की ओढतं, घामाने चिकटपट्टी सुटते. की पुन्हा फिल्म. एका फिल्मच्या रेडिएशनची मला फार धास्ती नाही. मला नकोसं होतं ते पाठीखाली एक्स-रेची प्लेट सरकवणं. एक सिस्टर डोकं धरते, दुसरी व्हेंटिलेटरचं सर्किट सांभाळते, वॉर्डमधले मामा खांदे उचलतात. तेवढ्यात हनुवटी छातीकडे झुकली की ईटी ट्यूब खाली जाते, मान मागे गेली की वर येते. तान्ह्या बाळाची श्वासनलिका जेमतेम ४-५ सेंटिमीटरची, तिथे एक सेंटिमीटरही महागात पडतो. सॅच्युरेशन उतरतं, श्वास द्यायची बॅग हातात घ्यावी लागते, आणि हे सगळं पोटातली नळी बघण्यासाठी! रात्री टेक्निशियन घरून येईपर्यंत दूध थांबलेलं असतं ते वेगळंच. पहिल्या २४ ते ४८ तासांत नळीने आहार सुरू करावा असं आपण सगळेच मानतो, आणि इकडे अक्कलकोटहून आलेली आजी दाराशी विचारत असते, "डॉक्टर, लेकराला दूध कवा देताव?"

सोनोग्राफीत मुलाला हलवावं लागत नाही. लिनियर प्रोब (वरवरचे भाग बघायचा सरळ, चपटा प्रोब) मानेवर आडवा ठेवला की श्वासनलिकेच्या मागे, बहुधा डाव्या बाजूला, अन्ननलिका सापडते. आत नळी असेल तर चकाकती कमान आणि तिच्यामागे सावली दिसते. मग प्रोब छातीच्या हाडाखाली न्यायचा. यकृताच्या डाव्या भागातून बघितलं की जठरात शिरणाऱ्या दोन समांतर पांढऱ्या रेषा दिसतात. शंका राहिली, आणि मानेत नळी अन्ननलिकेत स्पष्ट दिसली असेल तरच, थोडं सलाइन हवेसकट सोडावं. जठरात बुडबुड्यांचं धुकं उसळतं. ते एकदा डोळ्यांनी बघितलं की मन निश्चिंत होतं.

मर्यादा मात्र खऱ्या आहेत. बॅग-मास्कने श्वास दिल्यानंतर पोट गॅसने फुगलेलं असेल तर काही दिसत नाही. ५-६ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) बारीक नळी पटकन हाती लागत नाही आणि टोक दर वेळी सापडेलच असं नाही. नळी मानेत दिसली म्हणजे पोटात पोचली, असंही नाही. आमचा नियम साधा आहे: जठरात नळी दिसली नाही तर दूध नाही, एक्स-रे मागवायचा.

नळीतून ओढलेल्या द्रवाची आम्लता बघणारी पीएच पट्टी स्वस्त आहे, पीएच ५.५ किंवा त्याखाली आला तर दिलासा मिळतो. पण पॅन्टोप्राझोल (आम्ल कमी करणारं औषध) चालू असेल किंवा फीड सतत चालू असेल तर आकडा वर जातो, आणि कधी कधी ओढून काही येतच नाही. नळीतून हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोपने ऐकण्यावर मात्र कृपया विसंबू नका. नळी फुप्फुसात असली तरी पोटावर आवाज येऊ शकतो.

तुमच्याकडे एक्स-रे टेक्निशियन चोवीस तास हजर असेल तर माझं म्हणणं कदाचित तितकं लागू होणार नाही. नसेल, तर मी सोनोग्राफीकडेच झुकेन, विशेषतः छाती आणि हृदय बघायला मशीन घेणारच असाल तर. सोबत लिनियर प्रोब घ्याच. मुलांच्या विभागातलं मशीनही पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखाली नोंदवावं लागतं, तेव्हा खरेदीआधी महापालिकेच्या किंवा तालुक्याच्या सक्षम अधिकाऱ्याकडे कागद पूर्ण करून घ्या. आणि पहिले काही आठवडे ज्या मुलांचा एक्स-रे होणारच आहे त्यांच्यावर आधी प्रोब ठेवून बघा, म्हणजे तुम्हाला जे दिसलं ते लगेच फिल्मशी ताडून बघता येईल.