कोलोनोस्कोपी: गुंगी घेऊन की जागेपणी?

कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून मोठ्या आतड्यात दुर्बीण टाकायची म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, "दुखतं का हो?" याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. तुम्हाला किती दुखेल याचा अंदाज मात्र आधी बांधता येतो.

पोटाच्या डाव्या बाजूला, खाली, मोठ्या आतड्याला नागमोडी वळण असतं. तिथे दुर्बिणीच्या नळीचं वेटोळं पडलं की आतडं ताणलं जातं आणि कळ येते. वाट दिसावी म्हणून आत सोडलेल्या हवेनं मुरडाही येतो. म्हणजे खरा त्रास नळी आत जातानाचा. आतडं बारकाईनं पाहतात ते नळी बाहेर काढताना, आणि तेव्हा फारसं दुखत नाही. छोटा पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेली मांसल गाठ, कापला तरी सहसा कळत नाही, कारण आतड्याच्या अस्तराला कापल्याची वेदना जाणवत नाही.

जास्त त्रास कुणाला? अंगानं बारीक असलेल्या बायकांना, त्यातही गर्भपिशवी काढलेली असेल तर जास्त, कारण ऑपरेशननंतर आतडी आत चिकटून बसलेली असू शकतात. बायकांचं मोठं आतडं सरासरीनं लांबही असतं. तरुण वय, मनातली धास्ती आणि आधीच्या तपासणीत झालेला त्रास, हेही धरा. पोट सुटलेल्या, पन्नाशीपुढच्या, पोटाचं ऑपरेशन न झालेल्या पुरुषाचं बरंचसं सोप्यात निभावतं. आणि नळी कुणाच्या हातात आहे, यानं तर मोठा फरक पडतो. हवेऐवजी पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड वापरत असतील तर त्रास कमी होतो, हे जरूर विचारा.

जागेपणी केली तर चोपड्याहून एसटीनं जळगावला आलेला माणूस थोडं थांबून त्याच दिवशी एकटा परत जाऊ शकतो. दुखलं की सांगता येतं, डॉक्टर कुशी बदलायला लावतात, पोटावर दाब देतात. खर्चही कमी.

गुंगीत मिडाझोलमसारखं इंजेक्शन दिलं तर झापड येते, नंतर फारसं आठवत नाही. प्रोपोफॉलनं गाढ झोप लागते, पण सहसा भूलतज्ज्ञ लागतो आणि बिल वाढतं. सोबत माणूस हवाच. २४ तास मोटारसायकल, ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटर, खरेदीखतावरची सही, सगळं बंद. फार घोरणाऱ्यांनी, दमेकऱ्यांनी, हृदयविकार असलेल्यांनी ते आधीच सांगावं, कारण गुंगीत श्वास मंदावतो.

जुलाबाच्या औषधातून मात्र दोघांचीही सुटका नाही. आधीचे दोन-तीन दिवस भरीत-भाकरी, पेरू, मेथी बंद. वांग्याच्या बिया आतड्यात राहिल्या की डॉक्टरांना नीट दिसत नाही.

माझं मत: पिशवीचं ऑपरेशन झालेल्या बारीक ताईंनी किंवा मागच्या वेळी हैराण झालेल्यांनी गुंगीच मागावी, उगाच सोसण्यात काही मिळत नाही. धडधाकट भाऊंनी जागेपणी सुरुवात करून पाहावी, मात्र हाताला सुई लावून ठेवायला सांगावी, म्हणजे कळ सोसेना झाली तर मध्येच इंजेक्शन देता येईल. त्यासाठी सांगितलेल्या वेळेपासून उपाशी राहावं लागतं आणि घरचं कुणी बाहेर बसलेलं लागतं. सकाळी चहा-बिस्कीट खाऊन एकटेच निघालात, तर ही वाट बंद.