फॉरमॅट न मारता विंडोज ११: सात महिन्यांचा अनुभव

अहमदपूरला माझं ऑनलाइन कामांचं केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, पीक विमा, भरतीचे फॉर्म, सगळा भार एकाच मशीनवर. आठव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या मशीनवर दिवसभर लोकांची आधार कार्डं आणि पासबुकं स्कॅन होतात, ते सुरक्षा अपडेटशिवाय चालवायला माझं मन धजेना. म्हणून दिवाळी झाल्यावर विंडोज ११ टाकायला घेतलं.

सुरुवातीलाच टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) सापडत नाही असं आलं. ते बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, पीटीटी नावानं बंद होतं, चालू केलं की झालं.

खरा घोर पुढं होता. लाइटचा भरवसा नाही म्हणून इन्व्हर्टर पूर्ण चार्ज करून रात्री बसलो. दोन रीस्टार्ट नीट झाले, मग स्क्रीन निळी पडली आणि मशीन आपोआप विंडोज १० वर परत आलं. एरर कोड शून्य-एक्स-सी-१९००१०१. तीन रात्री हेच. सी ड्राइव्ह मोकळा केला, सिस्टीमच्या फायली आणि डिस्क तपासली, प्रिंटर-स्कॅनरच्या वायरी काढल्या, तरी तेच.

जो येईल तो म्हणायचा, "भाऊ, फॉरमॅट मारून टाका, तासाभराचं काम." पण डिजिटल सहीच्या टोकनचं (यूएसबीला लावायच्या किल्लीचं) सेटिंग, जुन्या फॉन्टातले अर्जांचे नमुने, कार्डांचे साचे, हे सगळं पुन्हा बसवायला आठवडा गेला असता. तेवढे दिवस लोकांना परत कसं पाठवायचं?

हा कोड बहुतेक वेळा ड्रायव्हरकडे, म्हणजे एखादं उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, बोट दाखवतो, पण कोणत्या ड्रायव्हरकडे ते सांगत नाही. ते सांगितलं मायक्रोसॉफ्टच्याच सेटअपडायग नावाच्या छोट्या मोफत टूलनं. अपग्रेड फसल्यावर मागं राहिलेले लॉग ते वाचतं आणि निकालाची एक फाइल देतं. त्या फाइलमध्ये एका डॉट-सिस, म्हणजे ड्रायव्हरच्या, फाइलचं नाव होतं. शोधलं तर ती जुन्या बोटाच्या ठशाच्या मशीनची निघाली! आधारसाठी नव्या सुरक्षा पातळीचं एल-वन मशीन घेतलं तेव्हाच ते जुन्या पातळीचं एल-झिरो कपाटात गेलं होतं. वायर काढली तरी ड्रायव्हर विंडोजमध्ये तसाच राहतो, हे मला तेव्हा कळलं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूतून लपलेली उपकरणं दाखवायला सांगितलं. फिकट अक्षरांत ते मशीन दिसलं. अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हरही काढण्याच्या चौकोनात टिक केली. ही टिक करायची राहून गेली तर मेहनत वाया जाते. आधी सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलेला होताच. चौथ्या रात्री अपग्रेड एका दमात पार पडलं. सकाळी डेस्कटॉपवर एकही फाइल हललेली नव्हती, टोकननं पहिल्या झटक्यात सही केली. त्या सकाळी मी दुकान अर्धा तास लवकर उघडलं.

लगेच एक गोष्ट केली, ती सगळ्यांनी करावी. परत विंडोज १० वर जायला मुळात १० दिवसच मिळतात. विंडोजमधल्याच डिझम नावाच्या टूलच्या एका कमांडनं ही मुदत ६० दिवसांपर्यंत नेता येते, मी ३० ठेवली. तेवढे दिवस जुनं विंडोज ठेवलेल्या विंडोज डॉट ओल्ड फोल्डरला हात लावला नाही. परतायची वेळ आली नाही, पण जिवाला स्वस्थता होती.

आता सात महिने झाले. निळी स्क्रीन एकदाही नाही. जूनमध्ये दाखल्यांची गर्दी असते, दहावी-बारावीची पोरं रांगेत आणि ब्राउझरला वीस-पंचवीस टॅब. तेव्हा ८ जीबी रॅम कमी पडली, १६ केल्यावर फरक जाणवला. राइट-क्लिकमध्ये नेहमीचे पर्याय एक पायरी आत गेलेत, त्याचा अजून राग येतो. ॲक्टिव्ह अवर्स (कामाच्या वेळेचं सेटिंग) सकाळी ८ ते रात्री १० ठेवल्यानं गिऱ्हाईक समोर असताना अपडेटसाठी मशीन आपोआप रीस्टार्ट होत नाही. मराठी फोनेटिक कीबोर्ड मात्र आतूनच मिळतो, मदतीला येणारी पोरं त्यावर चार दिवसांत टाइप करायला लागली.

दुसरं मशीन सहाव्या पिढीचं आहे, ते विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. त्याचं नेट काढलंय आणि फक्त झेरॉक्स-लॅमिनेशनच्या कामाला ठेवलंय. लोकांची कागदपत्रं त्यावर उघडत नाही.