फुले मार्केटमधली आलेखवही, लंबवर्तुळ काढून तपासलेली

जळगावच्या फुले मार्केटमध्ये स्टेशनरीच्या एका लहानशा दुकानात ही वही मिळाली. हिरव्या रेघा, मिलिमीटरचे चौकोन, छपाई पानाच्या एकाच बाजूला. मी अकरावी सायन्सला गणित शिकवतो. आलेखवही चांगली की वाईट हे मी तिच्यावर लंबवर्तुळ काढूनच ठरवतो.

समीकरण घेतलं १६क्ष² + २५य² = ४००. सगळ्याला ४०० ने भागलं की क्ष²/२५ + य²/१६ = १. आडवी टोकं ५ आणि −५ ला, उभी ४ आणि −४ ला. २५ मधून १६ गेले, राहिले ९, त्याचं वर्गमूळ ३, म्हणून नाभी, म्हणजे लंबवर्तुळाच्या आतले दोन ठरावीक बिंदू, क्ष-अक्षावर ३ आणि −३ ला. १ सेंटिमीटरला १ एकक धरायचं. क्ष = ३ ला य येतो ३.२, क्ष = ४ ला २.४. दोन्ही बिंदू नेमके मिलिमीटरच्या रेघांवर बसतात, अंदाजपंचे काही नाही. वक्रावरच्या कुठल्याही बिंदूपासून दोन्ही नाभींपर्यंतच्या अंतरांची बेरीज सारखीच यायला हवी, इथे १०. आता (३, ३.२) पासून दोन्ही नाभींपर्यंत पट्टी लावा: ३.२ आणि ६.८, बेरीज १०. (४, २.४) वरून २.६ आणि ७.४, पुन्हा १०. या वहीत उभं, आडवं, तिरपं सगळं जुळलं.

हे का सांगतोय? मागे दुसरीकडून आणलेल्या वह्यांत उभा सेंटिमीटर आडव्यापेक्षा किंचित मोठा छापलेला होता. वर्गातल्या एका पोरीचं गणित अगदी बरोबर, तरी बेरीज जुळेना, आणि ती बिचारी स्वतःचीच चूक शोधत बसली. त्याचा राग मला अजून आहे.

बारीक चौकोनांचा खरा फायदा टोकांशी कळतो. मुलं तिथे वक्र केळ्याच्या टोकासारखा निमुळता करून टाकतात. क्ष = ४.८ चा बिंदू घ्यायला लावा. य येतो १.१२. म्हणजे टोक फक्त २ मिलिमीटरवर राहिलं तरी वक्र अक्षाच्या ११ मिलिमीटर वर आहे! एवढा एक बिंदू मांडला की हात आपोआप गोल वळतो.

कागद जाड आहे, खोडलं तरी लव येत नाही, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात घामेजलेला हात टेकला तरी रेघा फुटत नाहीत. सेंटिमीटरच्या रेघा मात्र फार गडद आहेत, पेन्सिलने काढलेला अक्ष त्यांत हरवतो; अक्ष पेनाने काढा. बांधणी पिनांची, एक पान फाडलं की जोडीचं सुटतं. त्यापेक्षा तिथेच सुटे आलेख कागद मिळतात, ते घ्या.

दुकानदाराकडे पट्टी मागितली तर त्याने वही उघडून पुढे सरकवली, "मोजी ल्या, सर." तुम्हीही मोजूनच घ्या, उभं आणि आडवं दोन्ही.