कादंबरीसाठी ई-इंक रीडर की टॅब्लेट?
सलग दोन-तीन तास वाचायचं असेल तर ई-इंक रीडरच (किंडलसारखं ई-पुस्तकं वाचायचं उपकरण) घ्यावा. त्याच्या पडद्यातले काळे-पांढरे कण विजेच्या भाराने सरकतात आणि पान उलटलं की जागीच थांबतात. वीज लागते ती पान बदलताना आणि पडद्याच्या दिव्याला, त्यामुळे बॅटरी काही आठवडे पुरते. भर उन्हातही अक्षर ठसठशीत दिसतं. टॅब्लेटचा मात्र तिथे आरसा होतो.

पण स्कॅन केलेली पीडीएफ ६ इंची रीडरवर उघडू नका. अक्षर मुंगीएवढं होतं, मोठं केलं तर प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. तिथे १० इंची टॅब्लेटच बरा. ईपब या ई-पुस्तकाच्या फाइलमध्ये मात्र अक्षर वाढवलं की ओळी आपोआप नव्याने जुळतात.

रीडरवर आधीच्या पानाची पुसट छाया राहिली तर तो बिघाड नव्हे. सेटिंगमध्ये दर पानाला पूर्ण रिफ्रेश (पडदा पुसून पान नव्याने उमटवणं) लावा. जोडाक्षरं फुटत असतील तर आधी फॉन्ट बदलून पाहा.