रामबागेतील ऑनलाइन अर्जांचे दुकान : निगमाच्या यादीत नाव शोधण्याची सेवा

सासूबाईंचे नाव इंदूर नगर निगमाच्या मतदार यादीत शोधण्यासाठी मी रामबागेतल्या या लहानशा दुकानात गेले होते. 6 जुलै 2022 रोजी आई, म्हणजे सासूबाई, नेहमीच्या शाळेत मतदानाला गेल्या आणि ओळखपत्र हातात असूनही यादीत नाव नाही म्हणून परत आल्या. आधीच्या परिषदेची मुदत 2020 च्या फेब्रुवारीत संपल्यापासून शहरात दोन वर्षांहून अधिक काळ पार्षदच (नगरसेवकच) नव्हते, कारभार प्रशासकाकडे होता. इतकी वाट पाहून आलेली निवडणूक अशी हुकल्याची चुटपुट त्यांना अजून आहे.

मालकांनी पहिल्या मिनिटात जे सांगितले, तेवढ्यासाठीही मी हे दुकान सुचवेन. विधानसभेची आणि लोकसभेची यादी भारत निवडणूक आयोगाची असते, निगमाची यादी राज्य निवडणूक आयोगाची. दुसरी पहिलीच्या आधारे होत असली तरी ती 85 वॉर्डांत विभागताना घर एका वॉर्डात आणि नाव दुसऱ्यात जाऊ शकते. मी मोबाइलवर नाव पाहून निर्धास्त झाले होते, ते पहिल्या यादीतले.

नाव टाकून शोधल्यावर काहीच सापडेना, कारण आमचे ‘काळे’ हिंदी यादीत ‘काले’ झाले होते. मग घरक्रमांक धरून, पडद्यावर पेनाचे टोक टेकवत, ते एकेक पान पुढे सरकत गेले. मी आणि हे आमच्या वॉर्डात सापडलो. आई निघाल्या शेजारच्या वॉर्डात, रस्त्यापलीकडच्या घरांच्या रांगेत. वय मात्र बिनचूक होते!

इंदूरमध्ये मतदार दोन मते देतो, एक महापौराला आणि एक पार्षदाला. महापौराचे मत शहरात कुठूनही दिले तरी तेच. पार्षदाचे तसे नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला नर्मदेचे पाणी, तेही एक दिवसाआड, करंगळीएवढ्या धारेने येते, आणि त्याची तक्रार आई ज्या पार्षदाकडे नेतात, त्याला निवडण्याचा किंवा पाडण्याचा हक्क कागदोपत्री त्यांना नव्हताच.

उणिवाही आहेत. दरपत्रक कुठेही लावलेले नाही, आणि छापील पानाचे पैसे आधी एक, मग दुसरेच सांगितले गेले. दुकानातला मुलगा दुरुस्तीचा अर्ज लगेच भरून देतो म्हणाला. मालकांनीच त्याला थांबवले आणि दावे-हरकतींची मुदत जाहीर झाली की या, असे सांगितले. हातचे गिऱ्हाईक सोडण्याचा हा प्रामाणिकपणा पाहून मी पाचपैकी चार तारे देते. अर्जाच्या वेळी आईंना सोबत आणेन, पण सकाळी अकराच्या आत, कारण संध्याकाळी परीक्षांचे अर्ज भरणाऱ्या मुलांची गर्दी असते आणि बसायला एकच स्टूल आहे.