मराठी विकिपीडियावर प्रताधिकार (कॉपीराइट) आणि पानांचे वाद बघायला लागल्यापासूनचा अनुभव

विकिपीडियावर कुणीही येऊन काहीही लिहितं आणि तिथे बघणारं कोणी नसतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा लॉगिन करून ‘अलीकडील बदल’ हे पान अर्धा तास उघडं ठेवावं. मी गेल्या पावसाळ्यापासून संध्याकाळी स्वयंपाक आटोपला की तेच करतेय. स्वतः लेख लिहिणं कमी, आणि दुसऱ्यांनी टाकलेला मजकूर कुठून उचललाय का, फोटो नक्की कोणाचा, एखाद्या पानावर दोघं कशावरून भिडलेत हे बघणं जास्त. याला पगार नाही, पद नाही, कोणी नेमत नाही, खातं उघडलं की कुणालाही करता येतं. मला हे काम मनापासून आवडलंय, आणि त्यातलं काय जमतं काय जमत नाही ते नीट सांगावं म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे पानाचा ‘इतिहास’. कोणी कधी कुठला शब्द घातला, कोणता काढला, सगळं तारीख-वेळेसकट तिथे असतं, कोणी उत्पात म्हणून अख्खं पान कोरं केलं तरी एका मिनिटात परत आणता येतं. फक्त प्रताधिकारभंगाचा मजकूर असेल तर नुसतं उलटवून, म्हणजे तो बदल मागे घेऊन, भागत नाही कारण जुन्या आवृत्तीत तो कुणालाही वाचता येतोच, मग प्रचालकांना (जास्तीचे अधिकार असलेल्या स्वयंसेवकांना) सांगून त्या आवृत्त्या लपवून घ्याव्या लागतात. मराठीत सक्रिय प्रचालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, तेही नोकरी-घर सांभाळून येतात, त्यामुळे विनंती टाकून वाट बघायची तयारी हवी.

दुसरं साधन अर्विगचा कॉपीव्हायो डिटेक्टर. पानाचं नाव दिलं की तो नेटवर शोधून कुठल्या साइटशी किती जुळतंय ते रंगवून दाखवतो. कामाचा आहे, पण त्याचा आकडा बघून लगेच ‘पानकाढा’ साचा (हे पान काढून टाका असं सांगणारी तयार सूचना) लावायचा नाही हे मी सगळ्यांना सांगेन. एका किल्ल्याच्या पानावर जवळजवळ सगळाच मजकूर एका ट्रेकिंगच्या साइटशी जुळत होता, साइट दिसायलाही चांगली, वाटावं की तिथूनच उचललंय. मग इतिहास उघडला तर दिसलं की हे पान कितीतरी वर्षांत थोडं थोडं वाढलंय, एकाने दरवाज्यांची माहिती घातली, दुसऱ्याने दोन वर्षांनी पाण्याच्या टाक्यांची, तिसऱ्याने शुद्धलेखन केलं, आणि साइटवर मात्र हे सगळं एकदम एका दिवशी, विकिपीडियावर कोणीतरी केलेल्या टायपिंगच्या चुकीसकट आलेलं. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर साइटची जुनी प्रत पाहिली तर त्यात ते पानच नव्हतं. म्हणजे उलटं झालेलं, साइटने विकिपीडियावरून घेतलं होतं. तसं घ्यायला हरकत नाहीच, विकिपीडियाचा मजकूर ज्याखाली खुला असतो तो सीसी बाय-एसए परवाना त्यासाठीच आहे, पण श्रेय द्यायला हवं आणि पुढे तोच परवाना ठेवायला हवा, आणि ते बरेच जण करत नाहीत. अशा वेळी लेखाच्या चर्चापानावर तारखांसह नोंद करून ठेवायची, नाहीतर सहा महिन्यांनी आणखी कोणीतरी येऊन तोच साचा लावतं आणि आठ-दहा जणांची मेहनत उडते.

आणि जिथे खरी उचलेगिरी असते तिथे हा डिटेक्टर बऱ्याचदा गप्प बसतो. छापील पुस्तक, गौरव अंक, संस्थेची स्मरणिका यातला मजकूर नेटवर नसतोच, किंवा असला तरी स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये किंवा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतो, तो शोधात कुठून येणार. मग वाचूनच ओळखावं लागतं. नवीन खात्यावरून एकदम चार हजार शब्द, मध्येच ‘मागील प्रकरणात पाहिल्याप्रमाणे’ असं वाक्य, एकही संदर्भ नाही, म्हटलं की समजायचं. मराठी वाचलेली, जुन्या पुस्तकांची भाषा ओळखणारी माणसं इथे कुठल्याही टूलपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

कायद्याचं म्हणाल तर मला यातलं काही येत नव्हतं, करता करता शिकले. आपल्याकडे १९५७ चा प्रताधिकार कायदा आहे, लेखक गेल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजायची. आधी ५० होती, रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले आणि त्यांची ५० वर्षं संपत आली तेव्हा मुदत १० वर्षांनी वाढवली. म्हणजे साने गुरुजी १९५० मध्ये गेले तर त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून खुलं, बाबासाहेब १९५६ मध्ये गेले तर त्यांच्या हयातीत छापलेलं १ जानेवारी २०१७ पासून, पुलं २००० मध्ये गेले म्हणजे २०६१ उजाडेपर्यंत त्यांचा उतारा चिकटवायचा नाही, ‘पुलं तर आपले सगळ्यांचे’ असं कोणी कितीही म्हटलं तरी. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या पण कवितांचा संग्रह त्यानंतर १९५२ मध्ये आला, मरणोत्तर प्रकाशनाला छापल्यापासून मोजतात म्हणून तो १ जानेवारी २०१३ पासून खुला. सरकारी पुस्तकांना छापल्यापासून ६० वर्षं, त्यामुळे गावांच्या पानांसाठी जुनी गॅझेटियर बिनधास्त वापरता येतात, इंग्रजांच्या काळातली तर येतातच, पण १९६२ मध्ये छापलेलं सरकारी पुस्तकही २०२३ पासून मोकळं झालंय. त्यातून स्कॅन कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटो-फाइलींच्या सामायिक साठ्यावर, टाकायचं असेल तर अमेरिकेतही ते खुलं असावं लागतं, आणि १९९६ च्या सुरुवातीला भारतात जे प्रताधिकारात होतं त्याला तिकडे साधारण छापल्यापासून ९५ वर्षं धरतात, म्हणजे साने गुरुजींचं १९४० मध्ये छापलेलं पुस्तक भारतात मोकळं आणि तिकडे २०३५ संपेपर्यंत अडकलेलं. हे नवीन माणसाला समजावताना मला आजही वाईट वाटतं, पण नियम तसा आहे.

फोटोंचे वाद जास्त भावनिक असतात. एखाद्या जुन्या कवीचे नातू घरातल्या अल्बममधला फोटो ‘स्वतःचे काम’ म्हणून चढवतात, कॉमन्सवर कोणीतरी तो काढायला लावतो, आणि त्यांना वाटतं आपल्या आजोबांवरच संशय घेतला. फोटो घरात आहे म्हणजे त्याचे हक्क घरात आहेत असं नसतं, पण इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, पैसे देऊन स्टुडिओतून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाराच असतो. म्हणजे घरच्यांच्या हातात खरंच हक्क असू शकतो, तो फक्त नीट सांगायला हवा. त्यासाठी व्हीआरटी नावाचा स्वयंसेवकांचा गट आहे, ठरलेल्या नमुन्यात ईमेल करायची, तिकीट नंबर मिळतो, पटलं तर फाइलवर तशी नोंद होते. वेळ लागतो पण मार्ग चांगला आहे. मात्र परवानगी म्हणजे ‘फक्त विकिपीडियासाठी’ अशी चालत नाही, कोणीही वापरेल, छापून विकेलसुद्धा, हे मान्य करावं लागतं आणि बरीच घरं तिथे थांबतात. त्यांचा निर्णय, आपण आग्रह करू नये.

चौकातल्या पुतळ्याचा आपण काढलेला फोटो चालतो, भारतीय कायद्यात कायमच्या सार्वजनिक पुतळ्यांना आणि इमारतींना तशी सूट आहे, पण उड्डाणपुलाखालच्या भिंतीवर हल्लीच्या चित्रकाराने काढलेलं चित्र त्या सुटीत बसत नाही. प्रताधिकारात असलेल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, सिनेमाचं पोस्टर कॉमन्सवर नाहीच.

आता पानांचे वाद. शहरांची नावं बदलली की किती धावपळ होते ते बघितल्याशिवाय कळणार नाही. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. नावावरून मतं असणारच, पण मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. लोक घाईत जुन्या पानातला सगळा मजकूर कॉपी करून नवीन नावाचं पान बनवतात आणि जुनं पान रिकामं करतात. दिसायला काम झालं, पण ज्यांनी वर्षानुवर्षं ते लिहिलं त्यांची नावं जुन्या इतिहासात राहिली आणि नवीन पानावर सगळं एकाच माणसाच्या नावावर. परवान्यात श्रेय द्यायची जी अट आहे ती या इतिहासातूनच पाळली जाते, म्हणजे विकिपीडियाच्या आतच प्रताधिकाराचा भंग झाला. म्हणून ‘स्थानांतरण’ वापरायचं, इतिहास सोबत जातो आणि जुन्या नावावर पुनर्निर्देशन राहतं. इंग्लिश विकिपीडियावरून भाषांतर करताना पण हेच, बदलाच्या सारांशात कुठून भाषांतर केलं ते लिहायचं. भाषांतराचं अधिकृत टूल ते आपोआप लिहितं, हाताने करणारे विसरतात.

संत नामदेवांचा जन्म नरसी बामणीचा की पंढरपूरचा, अशा प्रश्नांवर दोन्ही बाजूंना पोटतिडकीने बोलणारे लोक आहेत. विकिपीडियाने यात निकाल द्यायचाच नसतो. कोणत्या अभ्यासकाने काय म्हटलंय ते दोन्ही संदर्भ देऊन लिहायचं. हे मान्य व्हायला मात्र चर्चापानावर दमाने बोलावं लागतं, एकाने उलटवलं, दुसऱ्याने परत उलटवलं, असं सुरू झालं की आधी हात थांबवायचा. इंग्लिशमध्ये २४ तासांत एका पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर बंदी येऊ शकते, मराठीत मी स्वतःला त्याहून कडक नियम घातलाय, एकदा उलटवलं की दुसऱ्यांदा नाही, थेट चर्चापान, तिथे नाही मिटलं तर चावडी, म्हणजे सगळ्या संपादकांचं सामायिक चर्चेचं पान. जातीचा उल्लेख, नेत्यांच्या पानावरची स्तुती, निवडणुकीच्या आधी लॉगिन न करता केलेले बदल, सगळ्याला हीच वाट.

भीती वाटते का असं माझ्या बहिणीने विचारलं होतं. वाटते. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या इंग्लिश पानावरच्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबर या पोलिसांच्या सायबर विभागाने विकिपीडियाच्या संपादकांवर गुन्हा नोंदवला तेव्हा बातमी वाचून पोटात गोळा आला होता. लोकांच्या भावना मलाही कळतात, महाराजांबद्दल माझ्याही आहेत, पण पानावर चुकीचं किंवा एकतर्फी काही असेल तर ते सुधारायची जागा चर्चापान आहे, तिथे चांगला संदर्भ घेऊन आलेल्या माणसाचं म्हणणं टिकतं हे मी बघितलंय. एएनआय या वृत्तसंस्थेने विकिपीडियावर केलेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने त्या खटल्याबद्दलचं एक पान काढायला लावलं होतं, तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२५ रोजी रद्द केला, तेव्हा मला खूप बरं वाटलं.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मजकूर चिकटवणारे लोक चोर नसतात. माझ्यासमोर आलेले बहुतेक जण गावावर, गुरूंवर, भाषेवर प्रेम करणारी माणसं होती, मराठीत माहिती नाही म्हणून तळमळीने टाकत होती. त्यांच्या चर्चापानावर आपण लाल त्रिकोणाचा साचा डकवला की दहातले बरेच जण परत येत नाहीत. एका शिक्षकांनी छापील कोशातल्या नोंदी एकामागून एक टाकल्या होत्या. मी साचा न लावता हाताने लिहिलं, ‘सर, तुम्ही निवडलेले विषय फार चांगले आहेत, यातल्या अनेकांवर मराठीत पानच नव्हतं. हा मजकूर कोशाचा असल्यामुळे तसाच ठेवता येणार नाही, पण तीच माहिती तुमच्या शब्दांत लिहून कोशाचा संदर्भ दिलात तर पान राहील. पहिलं पान आपण दोघं मिळून धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) करूया का?’ दोन दिवसांनी उत्तर आलं, ‘मॅडम, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं.’ आज ते स्वतः नवीन लोकांना हे समजावतात, आणि माझ्यापेक्षा चांगलं. असा संदेश लिहायला दहा मिनिटं लागतात, साचा दहा सेकंदांत लागतो, आणि हातात माणसं कमी असली की सगळे साच्याकडे वळतात, मी कुणाला दोष देत नाही. पण मराठीला ही दहा मिनिटं देणारे लोक हवेत, यात मला तिळमात्र शंका नाही.

ज्यांनी मुळात दार उघडलंय त्यांचंही सांगायला हवं. गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये कोंकणी विश्वकोश खुल्या परवान्याखाली दिला. मराठीतल्या संस्थांनी, ग्रंथालयांनी, जुन्या मासिकांच्या मालकांनी आपल्याकडचं थोडं जरी असं मोकळं केलं तर आमची निम्मी भांडणं होणारच नाहीत.

कोणी सुरू करणार असेल तर वादाच्या पानावर पहिल्या दिवशी जाऊ नका, आपल्या तालुक्यातली गावांची पानं घ्या, तिथे ‘संदर्भ हवा’ची रांग लागलेली असते. खऱ्या नावाऐवजी टोपणनावाने खातं काढलं तरी चालतं, मी तसंच केलंय. फोनवरून करणार असाल तर डेस्कटॉप दृश्य चालू करा, चर्चापान आणि इतिहास दोन्ही पटकन सापडतात, आणि प्रत्येक बदलाचा सारांश मराठीत लिहा, पुढे कोणी विचारलं तर तोच दाखवता येतो.